सासऱ्याच्या पायाखालची पाचर

६ जानेवारी २०२५, सोमवार. जव्हार.

रोज लिहीत जा, असं रुचिराने फर्मान काढलं आहे. रुचिरा ही माझी पुतणी, ठाण्याला पेटंटची कामं करते. तिचं म्हणणं, शोध लावणाऱ्याने पाननंबर छापलेली वही ठेवावी, तारखा घालाव्यात आणि आठवड्याला एका साक्षीदाराची सही घ्यावी. उद्या कुणी उठून म्हणालं की हा शोध माझा, तर वही पुढे टाकता येते. साक्षीदार म्हणून घरात बायको कुसुमावती आहेच. साखरशेतच्या शाळेत बावीस वर्षं हजेरीपटावर सह्या करून तिचा हात बसलेला आहे. वाचून सही कर म्हटलं तर म्हणाली, चष्मा सापडत नाही. बरंच झालं, मला मोकळेपणी लिहिता येईल.

तर नोंद. मी बळवंत खासनीस, वय चौसष्ट. अंबरनाथच्या कंपनीत तेहतीस वर्षं रबर आणि सिलिकॉनच्या वस्तू घडवल्या. ज्यांना वॉशर आणि वडा यातला फरक कळत नाही अशा साहेबांच्या हाताखाली घडवल्या. निवृत्तीनंतर माझ्या पद्धतीला पेटंट मिळालं. काचेचा साचा सिलिकॉनच्या पातळ द्रावणात बुडवायचा, वर काढायचा, वाळवायचा, असं तीनदा. मग भट्टीत भाजायचा आणि वरचं कातडं सोलून घ्यायचं. याच रीतीने कारखान्यातल्या यंत्रांचे धूळ-टोप होतात आणि याच रीतीने बाळंतिणीचा फुगाही होतो. बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर हा फुगा आत घालून पाण्याने भरतात, तो आतून दाब देतो, आणि बाई मोठ्या दवाखान्यापर्यंत तग धरते.

साचा बुडवणं जगात सगळ्यांना येतं. माझा शोध एका शब्दाचा आहे: उभा. साचा द्रावणात ओळंब्यात शिरला पाहिजे, दोन अंशांहून जास्त कल चालणार नाही. पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने हरकत घेतली होती की यात नवीन ते काय. त्या गृहस्थाला मी अकरा पानांचं उत्तर धाडलं आणि त्याची बोलती बंद केली. दावा क्रमांक एक आज या 'उभा'वर उभा आहे.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. चार वर्षांपूर्वी, अंबरनाथला असताना, याच पद्धतीचे पहिले शंभर फुगे मी चाचणीसाठी आपल्या डोंगरातल्या दवाखान्यांना वाटले. गळ्यापाशी निळा पट्टा, ही माझी खूण, अजूनही तीच ठेवली आहे. शंभर फुगे, तक्रार शून्य.

आता वसईची एक कंपनी पद्धतीचा परवाना घ्यायला तयार आहे. मार्चअखेर त्यांचा माणूस येईल. त्याच्यासमोर तीस नग करून दाखवायचे. त्यासाठी मोखाड्याला बंद पडलेली भातगिरणी भाड्याने घेतली आहे. उद्यापासून रोज जीपने जायचं आणि जीपमध्ये शेजारच्याची कोंबडी मांडीवर घ्यायची.

९ जानेवारी, गुरुवार

पाच बायका कामाला ठेवल्या. त्यातली पुष्पलता बारावी झालेली, तिला रजिस्टर दिलं: प्रत्येक नगाची वेळ लिहायची. दुसरी बुधी, पन्नाशीच्या अलीकडची, कोस-दीड कोसावरच्या पाड्यावरून चालत येते. बाकी तिघी बुधीच्या मागे शेळ्यांसारख्या. बुधी पहिल्याच दिवशी नमुन्याचा फुगा हातात घेऊन इतका वेळ बघत बसली की मला वाटलं हिला बाजारातला फुगा वाटतोय. गळ्यावरून बोट फिरवत होती. मी विचारलं, येशील का कामाला? म्हणाली, येईन. मला सरळ "तू" म्हणते. "सायब, तू हे कुठं करतोस?" अंबरनाथला जनरल मॅनेजर मला अहोजाहो करत असे. कुसुम म्हणते, त्यांच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात. देवाने फुगे केलेले नाहीत.

साचे बुडवण्याचं यंत्र मी स्वतः बनवलं आहे: चार पायांचा लोखंडी खांब, त्यावर स्क्रू आणि मोटर, आडव्या दांडीला सहा साचे घट्ट आवळलेले. खाली द्रावणाचं तसराळं. बायकांनी त्याला "सासरा" नाव ठेवलं. पुष्पलताला कारण विचारलं तर लाजली. मी समजलो. ताठ उभा असतो, सगळ्या त्याच्यापुढे दबून असतात. अडाणी माणसांना दुसरं काही नाही तरी मान देणं कळतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठ दिवसांत निम्मे नग भंगारात. फुग्याचं पोट जिथे निमुळतं होऊन गळ्याला मिळतं, नेमकं तिथेच हवेचे बुडबुडे. पाणी भरलं की तिथून झिरपतं. नाचता येईना अंगण वाकडे, तसं या बायका म्हणतात, औषध जाड आहे. औषध! द्रावण म्हणायला शिकवायला तीन दिवस गेले आणि परत औषधावर आल्या.

सकाळी दहाला पोचलो की आधी लेव्हल लावून सासऱ्याचा ओळंबा तपासतो. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध हवा. तो मधोमध असतो. म्हणजे यंत्र निर्दोष आहे, मी निर्दोष आहे. मग उरलं कोण?

२८ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. गेल्या दहा दिवसांचं रजिस्टर घेऊन आलेख काढला. बायका आठला येतात आणि पाचला जातात. मी दहाला येतो आणि तीनच्या जीपने परततो. आणि पाहतो तर काय! सकाळी आठ ते दहा केलेले नग चोख. तीन ते पाच केलेले चोख. भंगार सगळं दहा ते तीन या वेळातलं.

अर्थ उघड आहे. दुपारच्या तापमानात द्रावणाचा स्वभाव बिघडतो. इतक्या वर्षांत जगातल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नाही. बायकांना आलेख दाखवला. पुष्पलताने बुधीकडे पाहिलं, बुधीने जमिनीकडे. गाढवाला गुळाची चव काय.

कुसुमला सांगितलं तर तिने विचारलं, "दहा ते तीन या वेळात तिथे आणखी काय वेगळं असतं?" मी म्हटलं, काही नाही, मीच काय तो असतो. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज संताप. पहिली जीप मिळाली म्हणून साडेनऊलाच पोचलो, तर सासरा पुढे झुकलेला. मागच्या पायांखाली सागाची हातभर लांब, दोन बोटं जाड पाचर सारलेली. चांगली रंध्याने साफ केलेली. माझ्या यंत्राखाली! लेव्हल लावली, बुडबुडा एका टोकाला पळालेला. पाचर लाथेने उडवली आणि पाचही जणींना ओळीत उभं करून विचारलं. बुधी पुढे झाली. म्हणे मी लावली. मी म्हटलं, तुझा मेंदू गुडघ्यात आहे का? हात म्हशीचे, अक्कल म्हशीची. पेटंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, साचा उभा. कागदावर सरकारचा शिक्का आहे. ती हंड्याचं काहीतरी सांगू लागली. पाणवठ्यावरच्या गप्पा ऐकायला मी जव्हारहून येत नाही. गप्प केलं.

त्यांना वाटलं असेल, उंच यंत्र वाकवलं की काम करायला सोपं जाईल. काम टाळण्यापलीकडे या लोकांची बुद्धी धाव घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

द्रावणाच्या तसराळ्याभोवती बर्फाची पेटी बसवली. दुपारचं तापमान बावीसवर आणलं. तरी दहा ते तीन भंगारच. बहुतेक दमट हवेचाही हात असावा. आता पंखा मागवतो.

बुधीचं आणखी एक खूळ. माझ्या नियमाप्रमाणे फुगा पाण्याने भरून दहा मिनिटं धरायचा. ही बाई रोजचे सगळे फुगे पाणी भरून दोरीला टांगते आणि रात्रभर तसेच ठेवते. सकाळी येऊन एकेकाखाली हात धरून बघते. गिरणीत शिरलं की दुधी भोपळ्याच्या मांडवात आल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं पुरतात म्हणून शास्त्र सांगतं, असं सुनावलं. पुष्पलता म्हणाली, बुधीच्या जावेचं काहीतरी झालं होतं. घरगुती रडगाणी ऐकून घेतली की काम संपलंच, म्हणून पुढे विचारलं नाही. टांगू दे. त्याचा पगार मागत नाही तोवर माझं काय जातं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चोख तीनशे नग निवडून वसईला पाठवले होते. आज कंपनीचा निरोप: तीनशेपैकी एकही गळला नाही. एकही नाही! त्यांचा माणूस सौरभ फोनवर म्हणाला, सर, अशी पद्धत आम्ही पाहिली नाही. मी म्हटलं, पाहणार कुठून, ती माझ्या डोक्यात होती.

अंबरनाथच्या त्या बैलांना हे कळायला हवं. निरोप समारंभात नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन वाटेला लावलं होतं मला. घड्याळ तीन महिन्यांत बंद पडलं.

संध्याकाळी पेढे आणले. कुसुमने दोन बाजूला काढून पुडी बांधली. कुणासाठी? बुधीसाठी, म्हणे. तिची आणि बुधीची ओळख आहे हे मला आज कळलं. मोखाड्याच्या बाजारात भेटतात. काय बोलता? तर म्हणे, बायकांचं बोलणं.

१७ मार्च, सोमवार

शिमग्याचं निमित्त करून सगळ्या गायब. पोटासाठी ठाणे-भिवंडीला गेलेले त्यांचे लोक होळीला परत येतात, मग कसलं काम आणि कसलं काय. आता बोहाड्याची सोंगं नाचतील. मी आणि पुष्पलता दोघांनी चार दिवस यंत्र चालवलं. पुष्पलताला हाताशी उभं करून मी स्वतः दिवसभर साचे बुडवले. अठ्ठेचाळीस नगांत एकतीस भंगार. सकाळी आठचेही भंगार! म्हणजे उन्हाळा वाढल्याने दुपार आता सकाळीच सुरू होते.

शेवटी बुधीला आणायला तिच्या पाड्यावर गेलो. घरी नव्हती, पाण्याला गेलेली. विहिरीवर गेलो तर विहीर कसली, खडकातला झरा, गुडघाभर पाणी. बायका रांगेत. मला पाहूनही हिने हंडा भरणं थांबवलं नाही. हंडा कलता करून, एका कुशीवर पाण्यात सोडायचा, भरत येईल तसा सावकाश सरळ करायचा. तळाचा गाळ हलत नाही, आवाज नाही. एक हंडा भरायला मला पाच मिनिटं उन्हात उभं केलं. शेजारच्या पोरीने घाईत हंडा उभा दाबला तर त्याने गुटगुट करून अर्धं पाणी बाहेर फेकलं आणि बायका तिला हसल्या. मी घड्याळ बघत होतो. सव्वीसला कंपनीचा माणूस येतोय आणि माझी सगळी मदार या हंडेवाल्यांवर.

येते म्हणाली. वर म्हणाली, सायब, उन्हात डोक्यावर काही घे.

२७ मार्च, गुरुवार

लिहिण्याची इच्छा नाही, पण वही ठेवायची म्हटली की असे दिवसही ठेवावे लागतात.

सौरभ काल संध्याकाळी जव्हारला उतरला. वय बत्तीस, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. सकाळी वाटेत शिरपामाळला थांबून फोटो काढायचे म्हणून अर्धा तास खाल्ला. महाराज जिथे थांबले तिथे आपणही थांबलो याचं या पोरांना केवढं अप्रूप! महाराज पुढे गेले होते हे कोण सांगणार.

नवाला गिरणीत शिरलो. पाचर लावलेलीच होती. पुन्हा! सौरभच्या नजरेआड ती काढून भिंतीमागे टाकली, लेव्हल लावली, आणि दिवसभर सासऱ्याजवळून हाललो नाही. जेवलोही नाही. बर्फ होता, पंखा होता, द्रावण कालच ताजं केलेलं. बायकांनी मी सांगितलं तस्संच केलं. इतक्या मुकाट्याने त्या कधीच वागल्या नव्हत्या.

तीसपैकी अकरा नगांत बुडबुडे.

सौरभने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, त्याला चार शब्द सुनावता आले असते. त्याने शांतपणे विचारलं, फेब्रुवारीतले तीनशे कुणी केले? मी म्हटलं, याच बायकांनी, याच यंत्रावर. तो बायकांकडे वळला. मग बुधी उठली, भिंतीमागे गेली, पाचर घेऊन आली, आणि माझ्याकडे न बघता सासऱ्याच्या मागच्या पायांखाली सारली.

"हंडा उभा घातला तं गुटगुट करतो," ती म्हणाली. "वारा आत अडकतो. कलता घालाचा, मंग वारा वरच्या अंगानं निघून जातो. तसाच हा. सायब आला की आमी काढून ठेवताव, सायब गेला की लावताव."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

"सांगला व्हता. तू म्हनलास, कागदात उभा हाय." वर म्हणाली, "सासऱ्याला तोंडावर नाय कोन म्हनतं? त्याच्या पाठीमागं कराचा आन भाकर नीट झाली की त्याच्यापुढं ठेवाची."

पुष्पलता तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती ते कळलं नाही. सौरभने पाचर ठेवून बारा नग करायला लावले. बाराच्या बारा चोख. मग त्याने फोनवरच्या मापाने कल मोजला: सात अंश.

माझा आलेख भिंतीवर लावलेला होता. दुपारी द्रावणाचा स्वभाव बिघडतो. दहा ते तीन. दहा ते तीन तिथे मी असतो. कुसुमने जानेवारीतच विचारलं होतं. चौसष्ट वर्षांचा गाढव मी, आणि गुळाची चव दुसऱ्यांना विचारत फिरत होतो.

जाताना सौरभ म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका, पण चालते ती पद्धत तुमच्या पेटंटमध्ये नाहीच. तुमच्या पेटंटात जे आहे ते चालत नाही." गुप्ततेच्या करारावर सह्या झाल्यात, पंधरा दिवसांत तो अहवाल देईल. तोवर आम्ही काय करायचं ते करावं.

२८ मार्च, शुक्रवार

रुचिराचा फोन. ती म्हणते, ताबडतोब नवा अर्ज टाकायचा, कलत्या साच्याचा. तसं केलं तर परवाना वाचतो, गिरणी वाचते. उशीर केला तर कंपनी उद्या दुसरीकडे वाकडा खांब उभारेल आणि आपल्याला फोनही करणार नाही. मी म्हटलं, टाक. तिने विचारलं, शोध लावणारा म्हणून नाव कुणाचं? मी म्हटलं, कुणाचं म्हणजे? यंत्र माझं, साचे माझे, द्रावण माझं, तसराळं माझं.

"काका, कल कुणाचा?"

मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिनेच परत केला. खोटं नाव घातलं तर पेटंट पुढे रद्द होतं, आणि वही लागेलच, स्कॅन करून पाठवा.

रात्रभर हेच डोक्यात: एक पाड्यावरची बाई, चौथी शिकलेली, तिने एक लाकूड सारलं म्हणून शोधक? मग ज्याने चाकाखाली दगड लावला तो इंजिनियर. उद्या म्हशीही अर्ज करतील.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गुढी कुसुमने उभारली. मी वही घेऊन बसलो. आठ फेब्रुवारीचं पान फाडलं तर? पानांना छापील नंबर आहेत, सत्तावीसनंतर एकोणतीस येईल. ज्याच्यावर विश्वास नव्हता अशा जगासाठी मी ही वही ठेवली, आणि जगाला आता पुरावा मिळणार तो माझ्याच अक्षरात.

सगळी पानं पहिल्यापासून वाचली. कुसुमच्या सह्या पहिल्यांदाच नीट बघितल्या. प्रत्येक सहीखाली बारीक अक्षरात एक शब्द आहे: वाचले. पहिल्या आठवड्यापासून.

मी विचारलं, सगळं? म्हणाली, सगळं. मग तेव्हाच का नाही बोललीस? ती कडुनिंबाची गोळी माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "मीही कुणाची तरी सून होते. सासऱ्याशी कसं वागायचं ते मलाही येतं." आणि दारातून जाताना: "तुमच्या वहीत 'काहीतरी' फार आहे. हंड्याचं काहीतरी, जावेचं काहीतरी. एक कळलं तुम्हाला, हंड्याचं. अजून एक राहिलंय."

गोळी खाल्ली. कडू होती.

३ एप्रिल, गुरुवार. मोखाडा.

रुचिरा कागद घेऊन ठाण्याहून आली. गिरणीत खाटेवर बसून अर्ज भरला. शोधक म्हणून बुधीचं नाव घालायचं, हे मी म्हणालो. नाइलाजाने म्हणालो, ते इथे लिहून ठेवतो. चांगुलपणाचा आव आणायला ही वही नाही. नाव विचारलं तेव्हा लक्षात आलं की तीन महिने जिच्या जिवावर तीनशे नग पाठवले तिचं आडनाव मला ठाऊक नाही. बुधी लाडक्या झुगरे. तिने विचारलं, यानं काय व्हईल? रुचिराने समजावलं: परवान्याचा वाटा मिळेल, आणि तुझ्या रीतीने कुणी केलं तर तुला विचारून करावं लागेल. बुधी म्हणाली, मंग एक लिव, फुगा रातभर पाण्यानं भरून टांगल्याबिगर कुठं धाडाचा नाय. रुचिरा म्हणाली, हे अर्जात बसत नाही, कामाच्या नियमांत घालू. बुधी म्हणाली, कुठंबी घाल, पन घाल.

मग रुचिरा म्हणाली, पुरावा म्हणून वहीची जी पानं जोडायची ती सही करणाऱ्याला वाचून दाखवावी लागतील. मी म्हटलं, पाचरीपुरत्या दोन ओळी वाच. कुसुमने वही तिच्या हातातून घेतली. साक्षीदार मी आहे, म्हणाली, मी वाचते. आणि सगळं वाचलं. शेळ्या वाचल्या, म्हशीचे हात वाचले, मेंदू गुडघ्यात वाचला. शाळेत धडा वाचावा तसं, स्वच्छ, थांबून थांबून, अवघड तिथे त्यांच्या बोलीत सांगून. मी तसराळ्यातल्या वाळक्या सिलिकॉनची साल काढत बसलो. सासऱ्याला बायका मान देतात हे वाचल्यावर पाचही जणी इतक्या हसल्या की रुचिरालाही आवरेना. बुधीही हसली. म्हशीला हसली नाही, पण रागावलीही नाही.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "सुकीचा काय लिवलायस?"

सुकी कोण, मी म्हटलं.

कुसुमने अकरा फेब्रुवारीची ओळ परत वाचली. जावेचं काहीतरी.

मग बुधीने सांगितलं. मी इथे तिच्या बोलीत लिहीत नाही, मला ती नीट येत नाही. सुकी तिची धाकटी जाऊ, एकवीस वर्षांची. चार पावसाळ्यांपूर्वी पाड्यावर बाळंत झाली. रक्त थांबेना म्हणून झोळीतून दवाखान्यात नेली. तिथल्या नर्सबाईंनी आत फुगा घातला, पाण्याने भरला, रक्त थांबलं. सुकी बोलायला लागली, पाणी मागितलं. बाई म्हणाल्या, हा फुगा सकाळपर्यंत दम काढील, तोवर मोठ्या दवाखान्यात पोचवा. जीप निघाली. बुधी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घाटात तिला आधी पाणी लागलं पायाला, मग रक्त. फुगा गळला होता. गळ्याजवळ, पोट जिथे निमुळतं होतं तिथे. तो तिने स्वतः बघितला, नंतर, धुताना.

"गळ्याशी निळा पट्टा व्हता," ती म्हणाली. "तुझ्याकडं पयल्या दिवशी तोच बघला. म्हून कामाला आले."

रुचिराने विचारलं, तक्रार का केली नाही तेव्हा? बुधीला प्रश्नच कळला नाही. कुणाकडे, म्हणाली.

मला तिने दोष दिला असता तर मी उत्तर शोधलं असतं. चाचणीचे नग होते, साठवण नीट नसेल, बाईंनी जास्त भरला असेल. माझ्याकडे अकरा पानांचं उत्तर नेहमी तयार असतं. तिने दोष दिला नाही. सही केली, सावकाश, चौथीतल्या अक्षरात, आणि उठून कालच्या फुग्यांखाली एकेक करून हात धरून बघू लागली.

तीनची जीप मी सोडली. सासऱ्याच्या मागच्या पायांना सात अंशांचा लोखंडी ठोकळा झाळायला उद्या वेल्डर येईल. तोवर पाचर आहे. रात्रभर टांगायचे आजचे बेचाळीस फुगे मीही भरू लागलो. बुधीने दोनदा माझ्या हातातला फुगा सरळ केला.

सहा जानेवारीच्या पानावर एक ओळ चुकली आहे. रुचिरा म्हणते, वहीत खाडाखोड चालत नाही, दुरुस्ती असेल तर नव्या तारखेला लिहायची. म्हणून इथे लिहितो.

शंभर फुगे. तक्रार: एक. सुकी झुगरे, वय एकवीस. तक्रार नोंदवणारी: बुधी लाडक्या झुगरे. उशिरा नोंदवली, कारण नोंदवून घेणारा कुणी नव्हता.

साक्षीदार: कुसुमावती खासनीस. वाचले.